इस्लामी पंथांची गणना : मध्ययुगीन मुसलमान ग्रंथकारांच्या पद्धतीचा विचार

१. प्रास्ताविक

दक्षिणेंतील मुसलमानी राज्यांच्या इतिहासाचीं फारसी साधनें चाळणारास कांहीं शब्द पदोपदीं भेटतात. 'राफिजी', 'मुल्हिद', 'बातिनी', 'खारिजी' हे त्यांपैकीं होत. वाचक कोश उघडतो, कोश हीं पंथांचीं नांवें म्हणून सांगतो, आणि वाचक समाधान पावून पुढें जातो. आम्हीहि पुष्कळ वर्षें असेच पुढें जात होतों. इतकेंच नव्हे, तर शाळेंत इतिहास शिकवीत असतां "इस्लाम धर्मांत ७३ पंथ आहेत" हें वाक्य आम्हीं कित्येक वर्गांस फळ्यावर लिहून दिलें. हे पंथ कोणीं मोजले, केव्हां मोजले, व मोजतांना एक पंथ कोठें संपून दुसरा कोठें सुरू होतो हें कशावरून ठरविलें, असें एकाहि विद्यार्थ्यानें विचारलें नाहीं. आणि आम्हींहि स्वतःस विचारलें नाहीं. सेवानिवृत्तीनंतर या विषयावरील मूळ अरबी ग्रंथांचीं भाषांतरें सावकाश वाचण्याचा योग आला, तेव्हां ध्यानांत आलें कीं येथें मोजणी आधीं व आंकडा मागाहून असा क्रम नसून आंकडा आधीं व मोजणी मागाहून, असा क्रम आहे.

ही गोष्ट केवळ कुतूहलाची नाहीं. ज्या ग्रंथांच्या आधारें आपण एखाद्या सुलतानास वा वजिरास अमुक पंथाचा ठरवितों, ते ग्रंथ कोणत्या हेतूनें व कोणत्या मापानें लिहिले गेले हें न पाहतां त्यांतील नांवें उचलणें म्हणजे वादीच्या कैफियतीवरून प्रतिवादीचा निवाडा करणें होय. म्हणून या ग्रंथकारांची पद्धति वाचकांपुढें थोडक्यांत मांडण्याचें योजिलें आहे.

२. संख्येचें मूळ

पैगंबर महंमद यांच्या नांवें एक हदीस सांगतात, तिचा आशय असा : यहुदी लोकांत ७१ भेद झाले, ख्रिस्ती लोकांत ७२ झाले, आणि माझ्या लोकांत ७३ होतील, त्यांपैकीं एकच तरेल, बाकीचे अग्नींत पडतील. ही हदीस अबू दाऊद, तिर्मिजी व इब्न माजा यांच्या संग्रहांत आढळते. परंतु सुनी परंपरेंत सर्वांत प्रमाण मानलेले जे बुखारी व मुस्लिम यांचे दोन संग्रह, त्यांत ती नाहीं. कॉर्डोव्हाचा इब्न हज्म (इ. स. ९९४–१०६४) यानें तर तिचें प्रामाण्यच नाकारलें. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील भूगोलकार मुकद्दसी याहूनहि चमत्कारिक गोष्ट सांगतो. त्याच्या म्हणण्याप्रमाणें याच वचनाचा दुसरा पाठ असा आहे कीं ७२ स्वर्गांत जातील व एकच नरकांत पडेल. आणि या दुसऱ्या पाठाची गुरुपरंपरा अधिक भरंवशाची असून पहिला पाठ केवळ अधिक प्रसिद्ध आहे. जो पाठ भांडणास सोयीचा तोच प्रसिद्धीस यावा, यांत नवल नाहीं.

तें कसेंहि असो. ही संख्या ग्रंथकारांच्या मनांत पक्की बसली, आणि मग प्रत्येकाच्या पुढें एकच प्रश्न उभा राहिला : ते ७२ कोणते? तरणारा जो एक, त्याविषयीं मात्र कोणासहि शंका नव्हती. तो प्रत्येकाचा स्वतःचा होता.

३. बगदादीचें गणित

ही मोजणी अत्यंत नेटानें करणारा ग्रंथकार म्हणजे अब्दुल काहिर बगदादी (मृत्यु इ. स. १०३७) होय. याचें बहुतेक आयुष्य खुरासानांत निशापूर येथें गेलें. तो अश्अरी मताचा पंडित असून गणितज्ञहि होता. अंकगणितावर त्याचा स्वतंत्र ग्रंथ आहे. 'अल्-फर्क बैनल् फिरक', म्हणजे 'पंथापंथांतील भेद', या त्याच्या ग्रंथांत गणिताची ही संवय स्पष्ट उमटली आहे. राफिजी म्हणजे शिया २०, खारिजी २०, कदरी म्हणजे मुअतजिली २०, असे तीन विसांचे साठ. आणि उरलेले बारा मुर्जिआ, नज्जारिया, कर्रामिया इत्यादि लहान गटांतून. बेरीज बरोबर ७२ येते.

परंतु ती येते कशी, हें पाहण्यासारखें आहे. मुअतजिलींचे पंथ प्रत्यक्ष मोजले तेव्हां २२ भरले. तेव्हां त्यांतील दोन इतके बहकलेले आहेत कीं ते इस्लामाच्या बाहेरच पडले, असें ठरवून बगदादीनें ते वगळले. उलट, कर्रामिया लोकांत खुरासानांत तीन पोटभेद होते. परंतु ते एकमेकांस काफर म्हणत नाहींत, म्हणून तिन्ही मिळून एकच पंथ धरावा, असा त्यानें निर्णय दिला. शियांतील अतिरेकी मतें व बातिनी लोक यांस तर त्यानें निराळ्या प्रकरणांत घालून मुसलमानांतूनच काढून टाकलें. परस्परांस काफर म्हणणें हें पंथभेदाचें माप म्हणून वाईट नाहीं. पण तें माप सर्वत्र सारखें लावलें असतें तर बेरीज ७२ च येती, असें आम्हांस वाटत नाहीं.

मुअतजिलींच्या वीस पंथांचीं नांवें पाहिलीं म्हणजे दुसरी एक गोष्ट दिसते. वासिलीया, हुजैलिया, नज्जामिया, जाहिजिया अशीं हीं नांवें एकेका आचार्यावरून पाडलेलीं आहेत. जुब्बाई या आचार्याचा एक पंथ, व त्याचाच पुत्र अबू हाशिम याचा दुसरा! आपल्याकडील उदाहरण घ्यावयाचें तर शांकर वेदान्तांत वाचस्पतीचें भामतीप्रस्थान व प्रकाशात्म्याचें विवरणप्रस्थान असे दोन प्रवाह आहेत. कोणी परदेशीय लेखकानें त्यांस दोन धर्म म्हणून मोजावें, तसाच हा प्रकार. एका शाळेंतील गुरुशिष्यांचे सूक्ष्म मतभेद येथें 'पंथ' या पदवीस चढले आहेत, कारण रिकाम्या जागा भरावयाच्या होत्या.

४. आपल्या शास्त्रांतील दाखले

हें वाचून संस्कृतज्ञ वाचकानें हंसण्याची घाई करूं नये. संख्या आधीं व पदार्थ मागाहून हा व्यवहार आपल्याकडे अपरिचित नाहीं. जैनांच्या परंपरेंत परमतें ३६३ सांगितलीं आहेत : क्रियावादी १८०, अक्रियावादी ८४, अज्ञानवादी ६७ व विनयवादी ३२. यांतील १८० ही संख्या गुणाकारानें सिद्ध होते. नऊ पदार्थ, स्वतः व परतः हे दोन प्रकार, नित्य व अनित्य हे दोन, आणि काल, ईश्वर, आत्मा, नियति व स्वभाव हीं पांच कारणें, यांचा गुणाकार बरोबर १८० होतो. १८० आचार्य शोधून त्यांचीं मतें कोणीं लिहून घेतलेलीं नाहींत.

याहूनहि बोलका दाखला हरिभद्राच्या 'षड्दर्शनसमुच्चया'चा आहे. बौद्ध, नैयायिक, सांख्य, जैन, वैशेषिक व जैमिनीय अशीं सहा दर्शनें सांगून झाल्यावर हरिभद्र म्हणतो कीं न्याय व वैशेषिक हीं एकच आहेत असें जे मानतात, त्यांच्या मतें आस्तिक दर्शनें पांचच होतात. तेव्हां सहा ही संख्या लोकायत मत घालून पुरी करावी! ज्या चार्वाकास आस्तिकांच्या पंक्तीस कोणी बसूं देत नव्हतें, त्यास केवळ पान रिकामें राहूं नये म्हणून बोलावणें गेलें. बगदादीनें दोन मुअतजिली पंथ उठविले, हरिभद्रानें एक चार्वाक बसविला. दोघांच्याहि पुढें पंक्तीचीं पानें आधींच मांडलेलीं होतीं. फरक एवढाच कीं हरिभद्रानें आपला हिशेब वाचकास उघड सांगितला, आणि त्याच्या गणनेंत कोणाच्या नरकवासाचा प्रश्न नव्हता.

५. वर्गीकरणाचीं निरनिराळीं तत्त्वें

सर्वच ग्रंथकार बगदादीसारखे नव्हते. त्याच्या शंभर वर्षें आधींचा अबुल् हसन अश्अरी (मृत्यु सुमारें इ. स. ९३५), ज्याच्या नांवें बगदादीचा संप्रदाय चालला, त्याचा ग्रंथ अगदीं निराळ्या धाटणीचा आहे. अश्अरी हा वयाच्या सुमारें चाळिसाव्या वर्षापर्यंत मुअतजिली होता व उपर्युक्त जुब्बाईचा शिष्य होता. पुढें त्यानें तें मत सोडलें. म्हणजे प्रतिपक्षाचें घर त्यानें आंतून पाहिलेलें होतें. त्याच्या 'मकालातुल् इस्लामियीन' या ग्रंथाचें पुरें नांव 'इस्लामी लोकांचीं मतें व नमाज पढणारांतील भेद' असें आहे. जो नमाज पढतो तो आपलाच, मग मत कांहीं असो, ही भूमिका नांवांतच प्रकट झाली आहे. शिया, खारिजी, मुर्जिआ, मुअतजिला इत्यादि दहा वर्ग त्यानें केले. ७३ च्या आंकड्यावर त्यानें ग्रंथाची उभारणी केली नाहीं. प्रस्तावनेंत तो तक्रार करितो कीं परमतें सांगणारे कोणी आंखडून सांगतात, कोणी चुकीचें सांगतात, तर कोणी प्रतिपक्षाची नालस्ती व्हावी म्हणून जाणून खोटें सांगतात. स्वतः त्यानें एकेक प्रश्न घेऊन त्यावर कोण काय म्हणतो तें बहुधा टीका न करितां नोंदविलें आहे. हेल्मुट रिटर या जर्मन पंडितानें इ. स. १९२९ पासून इस्तंबूल येथें हा ग्रंथ छापून प्रसिद्ध केला.

शिया ग्रंथकारांची फूटपट्टी आणखी वेगळी. बगदादचा हसन बिन मूसा नौबख्ती हा दहाव्या शतकाच्या पहिल्या पावकांत वारला. त्याच्या 'फिरकुश्शिया' ग्रंथांत भेदाचें मूळ एकच : इमाम कोण? एक इमाम निवर्तला कीं अनुयायांत फांट्या फुटतात. कोणी पुत्रास मानतो, कोणी बंधूस, कोणी म्हणतो इमाम मेलाच नाहीं. अकरावे इमाम हसन अस्करी हे इ. स. ८७४ त वारले, तेव्हां त्यांच्या अनुयायांत चौदा तट पडले, असें नौबख्ती सांगतो. येथें पंथांची यादी ही वस्तुतः वंशावळ आहे, व तिजमध्यें कालानुक्रम असल्यामुळें इतिहासकारास ती विशेष उपयोगी पडते. इब्न हज्म यानें सुनी, मुअतजिला, मुर्जिआ, शिया व खारिजी असे पांचच मुख्य वर्ग धरले.

परंतु वर्गीकरणाचा शास्त्रीय विचार प्रथम कोणीं केला असेल तर तो शहरस्तानीनें. महंमद बिन अब्दुल करीम शहरस्तानी (मृत्यु इ. स. ११५३) हा खुरासानचा, तीन वर्षें त्यानें बगदादच्या निजामिया विद्यालयांत व्याख्यानें दिलीं, आणि इ. स. ११२७-२८ त 'किताबुल् मिलल वन्निहल' हा ग्रंथ लिहिला. आपल्या माधवाचार्याचा 'सर्वदर्शनसंग्रह' याहून सुमारें दोन शतकांनीं अर्वाचीन आहे. ग्रंथारंभीं शहरस्तानी विचारतो : एखाद्यानें एखाद्या प्रश्नावर वेगळें मत दिलें कीं तो लगेच पंथप्रवर्तक ठरतो काय? तसें असेल तर गणनेस अंतच राहणार नाहीं. म्हणून त्यानें चार मूलभूत प्रश्न निश्चित केले : ईश्वराचे गुण व एकत्व, दैव व ईश्वरी न्याय, पुण्यपापाचें फळ व श्रद्धावान कोणास म्हणावें हा निर्णय, आणि श्रुति व बुद्धि यांचें बलाबल, ज्यांत पैगंबरत्व व इमामत यांचा समावेश होतो. या चारांपैकीं एखाद्यावर ज्याचें स्वतंत्र मत आहे तोच पंथप्रवर्तक. बाकीचे त्याच्या पोटांत. त्यावरून कदरी, सिफाती, खारिजी व शिया असे चार मुख्य पंथ त्यानें पाडले.

प्रत्येक पंथाचें मत त्याच्याच ग्रंथांतून घ्यावयाचें व पक्षपात करावयाचा नाहीं, अशी प्रतिज्ञाहि त्यानें केली. ती सर्वत्र पाळली गेली असें नाहीं. ७३ चा आंकडा त्यानेंहि सोडला नाहीं, उलट पारशी धर्माचे ७० भेद पाठीमागें जोडून तो ७०, ७१, ७२, ७३ अशी सरळ चढती श्रेढी देतो. परंतु एका ठिकाणीं त्यानें प्रतिज्ञा अशी पाळली कीं इतिहास त्याचा ऋणी आहे. अलमूतचा हसन सब्बाह हा त्या काळीं सुनी सत्तेचा कट्टर शत्रु. त्याचें एक फारसी प्रकरण शहरस्तानीनें अरबींत भाषांतर करून आपल्या ग्रंथांत घातलें. मूळ फारसी आज नष्ट झालें आहे. हसनचा युक्तिवाद त्याच्याच बोलण्याच्या क्रमानें आपणांस कळतो तो या भाषांतरामुळें. या निःपक्षपाताचें बक्षीस म्हणून शहरस्तानी स्वतःच छुपा इस्माइली आहे असा संशय समकालीनांनीं घेतला. आधुनिक संशोधकांपैकींहि कांहींस तो संशय सार्थ वाटतो. कसेंहि असले तरी, प्रतिपक्षाचें म्हणणें नीट सांगणारावर प्रतिपक्षाचा ठपका येतो, ही गोष्ट शंकराचार्यांस 'प्रच्छन्न बौद्ध' म्हणणाऱ्यांच्या देशांत निराळी समजावून सांगण्याचें कारण नाहीं.

६. नांव कोणाचें, ठेविलें कोणीं?

या ग्रंथांतील पंथनामें बहुधा त्या त्या पंथानें स्वतः घेतलेलीं नाहींत. मुअतजिली स्वतःस 'न्याय व एकत्व यांचे लोक' म्हणवीत. बगदादी त्यांस 'कदरी' म्हणतो. 'कदरी हे या समाजांतील मजूसी होत' अशी एक हदीस प्रचारांत होती, म्हणून तें नांव प्रत्येक पक्ष दुसऱ्याच्या गळ्यांत घालूं पाही. मनुष्यास कर्तृत्व आहे म्हणणाऱ्यांस विरोधक कदरी म्हणत. ते उलट उत्तर देत कीं कदर म्हणजे दैव, तेव्हां जे सर्व कांहीं दैवावर सोंपवितात त्यांसच तें नांव शोभतें. खारिजी लोक स्वतःस 'शुरात' म्हणजे ईश्वराप्रीत्यर्थ प्राण विकलेले असें म्हणवीत. इस्माइलींविषयीं शहरस्तानी स्पष्टच लिहितो कीं इराकांत लोक यांस बातिनी, करामती व मजदकी म्हणतात, खुरासानांत तालिमी व मुल्हिद म्हणतात, आणि ते स्वतः म्हणतात कीं आम्ही इस्माइली आहों. एकाच समाजाचीं हीं सहा नांवें, व त्यांपैकीं त्याचें स्वतःचें एक. निष्काळजी वाचकास यांतून सहा पंथ सहज दिसतील.

७. कसोटी

अशा ग्रंथांवर कितपत विश्वास ठेवावा, याची एक कसोटी सुदैवानें आपणां हिंदी वाचकांच्या हातीं आहे. शहरस्तानीनें ग्रंथाच्या शेवटीं हिंदु मतांचेंहि वर्णन केलें आहे. त्यांत 'कबालिया' आहेत, 'महाकालिया' आहेत, जलाची उपासना करणारे आहेत, आणि अग्नीची उपासना करणारा 'अग्निवात्रिया' नामक एक पंथ आहे. पहिले कापालिक, दुसरे महाकालाचे उपासक, आणि शेवटले आपले अग्निहोत्री हें उघड दिसतें. आतां अग्निहोत्र हा पंथ नव्हे. तें गृहस्थाचें नित्यकर्म आहे. उज्जयिनीचा एखादा आहिताग्नि ब्राह्मण सकाळीं नदीवर अर्घ्य देऊन, अग्नींत आहुति टाकून, सायंकाळीं महाकालाच्या दर्शनास जात असेल, तर या कोष्टकांत त्या एकट्याचे तीन पंथ होतील. शहरस्तानीनें खोटें लिहिलेलें नाहीं. त्याच्यापर्यंत पोंचलेली माहिती खरी आहे, पण ज्या कप्प्यांत ती घातली तो कप्पा चुकीचा आहे. आपल्या घराविषयीं जर असें झालें, तर ज्या मुसलमान पंथांचे स्वतःचे ग्रंथ नष्ट झाले त्यांच्याविषयीं किती जपून बोललें पाहिजे!

हाच विचार एका मोठ्या पुरुषाच्या मनांत नऊशेंहून अधिक वर्षांपूर्वीं आला होता. अल्बेरूनीच्या हिंदुस्थानविषयक ग्रंथाची (सुमारें इ. स. १०३०) प्रस्तावना या दृष्टीनें अवश्य वाचावी. तो सांगतो कीं अबू सहल नामक विद्वानाकडे आपण गेलों असतां, मुअतजिलींचें मत विपर्यस्त करून सांगणाऱ्या एका पुस्तकाचा त्यास राग आलेला होता. ईश्वर स्वरूपतःच ज्ञाता आहे हें मुअतजिलींचें म्हणणें. त्या लेखकानें तें 'ईश्वरास ज्ञान नाहीं' असें करून सांगितलें होतें. यावरून बोलणें निघालें कीं परधर्मांविषयींचीं पुस्तकें अशींच ऐकीव व एकमेकांवरून उतरलेलीं असतात. हिंदूंविषयींचीं तर विशेषच. त्या संभाषणांतून अल्बेरूनीचा ग्रंथ जन्मास आला. तो संस्कृत शिकला, सांख्य व पातंजल या विषयांचे ग्रंथ त्यानें अरबींत नेले, आणि मग लेखणी उचलली. आपल्या देशाविषयींचा मध्ययुगांतील सर्वोत्तम परकीय ग्रंथ एका मुसलमान पंथावर झालेल्या अन्यायाच्या चर्चेंतून निघाला, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

८. दक्षिणेंतील दोन गोष्टी

आतां आपल्या प्रांताकडे वळूं. अहमदनगरचा पहिला बुऱ्हाण निजामशाह यानें सुमारें इ. स. १५३७ त शिया मत राजधर्म म्हणून जाहीर केलें, तें शाह ताहिर याच्या उपदेशानें. फिरिश्त्याच्या इतिहासांत ही हकीकत विस्तारानें आहे, व सामान्यतः शाह ताहिर हा बारा इमाम मानणारा शिया असाच समज होतो. परंतु तो निजारी इस्माइलींच्या महंमदशाही शाखेचा इमाम होता. या विस्मृत शाखेचा परिचय इव्हानोव्ह यानें इ. स. १९३८ त विद्वानांस करून दिला. सफवी शाह इस्माइल याच्या रोषामुळें त्यास इराण सोडावें लागलें होतें. अनुयायांच्या दृष्टीनें इस्माइली इमाम, दरबाराच्या दृष्टीनें बारा इमामांचा प्रचारक, आणि कट्टर सुनी लेखकाच्या दृष्टीनें नुसता राफिजी : एकाच पुरुषास यांपैकीं कोणत्या कप्प्यांत घालावें?

हे कप्पे केवळ पंडितांचे नव्हते. त्यांवर राज्यें व संपत्ति टांगलेली असे. इ. स. १६३६ त शाहजहानानें गोवळकोंड्याच्या अब्दुल्ला कुतुबशाहाकडून खुतब्यांत पहिल्या चार खलिफांचीं नांवें वाचण्याची अट मान्य करून घेतली. पंथाची खूण हीच मांडलिकीची खूण झाली. पुढें इ. स. १८६६ त मुंबईच्या हायकोर्टापुढें खोजा जमातीच्या मालमत्तेचा खटला चालला, तेव्हां ही जमात मूळची सुनी कीं इस्माइली हा प्रश्न न्यायमूर्ति आर्नोल्ड यांस सोडवावा लागला. त्यांनीं इस्माइली पंथाचा इतिहास खोल तपासून जमात शिया इमामी इस्माइली असल्याचा निर्णय दिला, व आगाखानांचा पक्ष विजयी झाला.

९. उपसंहार

एवढ्या विवेचनावरून संशोधकानें घ्यावयाचा बोध असा. एखाद्या साधनांत पंथनाम आढळलें कीं प्रथम पाहावें, तें नांव त्या लोकांचें स्वतःचें आहे कीं विरोधकांनीं ठेविलेलें. दुसरें, लेखकाचें भेदाचें माप कोणतें, प्रश्न, पुरुष, इमाम कीं नुसती संख्या. तिसरें, लेखकानें त्या पंथाचे ग्रंथ स्वतः पाहिले कीं दुसऱ्यावरून उतरून घेतलें. हीं तीन उत्तरें मिळेपर्यंत नांव अवतरणचिन्हांतच ठेवावें. या ग्रंथकारांस त्याज्य ठरविण्याचा आमचा हेतु नाहीं. लुप्त झालेल्या शेंकडों मतांची आठवण त्यांनींच राखिली. चार्वाकाचें मत आपण त्याच्या खंडनकर्त्यांकडूनच ऐकतों, तसेंच हें आहे.

फळ्यावर आम्हीं लिहिलेलें तें वाक्य पुसावयास आतां उशीर झाला आहे. तें वहींत उतरून घेणारे विद्यार्थी आज संसारी झाले असतील. त्यांपैकीं कोणाच्या हातीं हा अंक पडला, तर त्यांनीं ७३ या आंकड्यापुढें "असें एक वचन आहे" एवढे शब्द स्वहस्तें लिहून घ्यावे, अशी विनंति आहे.